फेम्टोसेकंदाचे विज्ञान आणि समाजाचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वेळेच्या मोजमापाचा इतिहास आणि भांडवलशाहीचा इतिहास यांची फारकत करता येत नाही. गिरणीच्या भोंग्याने कामगाराचा दिवस कसा बांधून टाकला, हे मुंबईच्या गिरणगावाने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी हातात घड्याळ घेऊन कामगाराच्या एकेका हालचालीचे सेकंद टिपले आणि १९११ साली त्या पद्धतीचे ‘शास्त्र’ ग्रंथरूपाने मांडले. त्यांच्यापाठोपाठ फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने चलच्चित्रणाची मदत घेऊन हा हिशेब सेकंदाच्या अंशांपर्यंत नेला. श्रमातील एकही क्षण वाया जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. तो वाचलेला क्षण कोणाच्या पदरात पडावा, हा प्रश्न मात्र त्या शास्त्राने कधी विचारला नाही.

गेल्या चार-पाच दशकांत वेळेचे माप कामगाराच्या हातावरून पदार्थातील इलेक्ट्रॉनपर्यंत जाऊन पोहोचले आहे. ज्या विद्याशाखेने हे साधले तिला अतिशीघ्र लेसर वर्णपटमापन असे म्हणता येईल. अत्यंत अल्पकाळ टिकणाऱ्या प्रकाशस्पंदांच्या साहाय्याने ग्रॅफिनसारख्या एका अणूच्या जाडीच्या थरात, अथवा अर्धवाहकाच्या अतिसूक्ष्म कणात, प्रभारवाहकांचे काय होते हे ही शाखा पाहते. प्रभारवाहक म्हणजे इलेक्ट्रॉन, आणि इलेक्ट्रॉन जागा सोडून गेल्यावर मागे उरणारी धनप्रभारित पोकळी. सौरपट्टी, प्रकाशसंवेदक, दूरचित्रवाणीचा पडदा, संगणकाची चकती या साऱ्यांचे कार्य अखेर या वाहकांच्या वर्तनावर अवलंबून असते.

हा विषय भौतिकशास्त्रज्ञांचा आहे, कार्यकर्त्याने त्यात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्ञान हे आजच्या काळातील उत्पादनाचे एक प्रमुख साधन झाले आहे. आणि उत्पादनाच्या साधनांची मालकी कोणाची हा समाजवादाचा पहिला प्रश्न आहे. तो प्रश्न ज्ञानाच्या बाबतीत विचारायचा तर ते ज्ञान प्रत्यक्षात कसे घडते, त्याला किती वर्षे लागतात आणि कोणाचा पैसा लागतो, याचा एखादा तरी नमुना तपशिलाने तपासला पाहिजे. केवळ घोषणेने ते काम भागत नाही.

क्षण मोजण्याची युक्ती

एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. सेकंदाच्या तुलनेत फेम्टोसेकंद जेवढा लहान, तेवढाच तीन कोटींहून अधिक वर्षांच्या तुलनेत एक सेकंद लहान. असा एक हजार फेम्टोसेकंदांचा समूह म्हणजे एक पिकोसेकंद. पदार्थात प्रकाश शिरल्यानंतर इलेक्ट्रॉनच्या आयुष्यात ज्या महत्त्वाच्या घडामोडी होतात, त्यांतील बऱ्याचशा या दोन मापांच्या दरम्यान आटोपतात. एवढ्या वेगाने उघडझाप करणारे विद्युत उपकरण अस्तित्वात नाही. मग मोजायचे कसे?

१८७८ साली कॅलिफोर्नियात, लेलंड स्टॅनफर्ड या रेल्वे-भांडवलदाराच्या पैशातून, एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. धावेवर ओळीने मांडलेले कॅमेरे एकामागून एक उघडत गेले आणि धावताना घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीपासून सुटतात हे सिद्ध झाले. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत तत्त्व तेच, फक्त कॅमेऱ्याच्या जागी प्रकाशच वापरला जातो. लेसरचा एक स्पंद दोन भागांत विभागला जातो. पहिला, जोरदार स्पंद पदार्थावर आदळून इलेक्ट्रॉनना उद्दीपित करतो. दुसरा, क्षीण स्पंद थोड्या विलंबाने येतो आणि त्या क्षणी पदार्थ किती प्रकाश शोषतो याची नोंद देऊन जातो. विलंब बदलत बदलत हाच प्रयोग हजारो-लाखो वेळा केला की एकेका नोंदीतून संपूर्ण घटनाक्रम उभा राहतो.

विलंब निर्माण करण्याची रीत तर विलक्षण साधी आहे. दुसऱ्या स्पंदाच्या वाटेवरील आरसा थोडा मागे सरकवायचा. आरसा १५ मायक्रॉन मागे नेला की जाण्यायेण्याचा मार्ग ३० मायक्रॉनने वाढतो आणि प्रकाशाला तेवढे अंतर कापण्यास १०० फेम्टोसेकंद लागतात. १५ मायक्रॉन म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे पाचवा हिस्सा. वेळेचे मोजमाप येथे अंतराच्या मोजमापात रूपांतरित झाले आहे.

युक्ती साधी असली तरी तेवढा आखूड स्पंद हाती येण्यास मात्र काही दशके लागली. १९४९ च्या सुमारास केंब्रिज येथे नॉरिश आणि पोर्टर यांनी दिव्याच्या लखलखाटाच्या साहाय्याने रासायनिक क्रियांचा मागोवा घेण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्यांची पोच सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास होती. १९६० मध्ये पहिला लेसर प्रकाशला. १९८१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फोर्क, ग्रीन आणि शँक यांनी १०० फेम्टोसेकंदांहून आखूड स्पंद मिळविला. १९८५ साली रॉचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी असे स्पंद लेसरचे भिंग वा स्फटिक न जाळता प्रबळ करण्याची पद्धत शोधली. टायटॅनियम मिसळलेल्या नीलमणी स्फटिकाचा लेसर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या लिंकन प्रयोगशाळेत १९८२ मध्ये घडला आणि १९९१ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्याच्यापासून फेम्टोसेकंदाचे स्पंद मिळू लागले. याच साधनांच्या पूर्वावतारांवर इजिप्तमध्ये जन्मलेले व शिकलेले अहमद झेवेल यांनी कॅलिफोर्नियात रासायनिक बंध तुटतानाचे निरीक्षण केले आणि १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळविले. या साखळीतील बहुतेक दुवे विद्यापीठे वा शासकीय पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

ग्रॅफिनमधील घटनाक्रम

शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट हे कार्बनच्या थरांवर थर रचून बनलेले असते. त्यातील एकच थर वेगळा काढण्याचे काम २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीच्या साहाय्याने केले. २०१० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एका अणूच्या जाडीचा हा थर त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे २.३ टक्के प्रकाश शोषून घेतो. थराची जाडी पाहता हे प्रमाण थक्क करणारे आहे.

शोषलेल्या ऊर्जेचे पुढे काय होते? सर्वसाधारण अर्धवाहकात उद्दीपित इलेक्ट्रॉन आपली जादा ऊर्जा स्फटिकजालाच्या कंपनांना देऊन टाकतो. म्हणजे ती उष्णता होऊन वाया जाते. ग्रॅफिनमध्ये इलेक्ट्रॉन प्रथम एकमेकांशीच टकरावतात आणि ही देवाणघेवाण काही दशक फेम्टोसेकंदांत पुरी होते. २००८ साली कॉर्नेल विद्यापीठातील मोजमापात पहिला टप्पा ७० ते १२० फेम्टोसेकंदांचा, तर त्यानंतरचा मंद टप्पा सुमारे ०.४ ते १.७ पिकोसेकंदांचा आढळला. या मधल्या अवधीत एक चमत्कारिक स्थिती असते. इलेक्ट्रॉनांचे तापमान हजारो अंशांवर गेलेले असते आणि ज्या अणूंमध्ये ते वावरतात ते अणू जवळजवळ थंडच असतात. २०१३ साली बार्सिलोना आणि मिलान येथील संशोधक-गटांनी दाखविले की, या अवधीत एका उद्दीपित इलेक्ट्रॉनची ऊर्जा इतर अनेक इलेक्ट्रॉनना चेतवू शकते. ती थेट उष्णतेत विरून जात नाही.

येथे एक इशारा दिला पाहिजे. या दृश्यात समता किंवा संपत्तीचे वाटप पाहण्याचा मोह भाबड्या उत्साहाला होऊ शकतो. निसर्गनियमांतून समाजव्यवस्थेचे समर्थन काढण्याचा प्रयत्न गेल्या शतकात भांडवलशाहीच्या भाटांनी डार्विनच्या नावाने केला; समाजवाद्यांनी तोच उद्योग दुसऱ्या दिशेने करू नये. इलेक्ट्रॉनला न्याय-अन्याय नाही. न्यायाचा प्रश्न उपस्थित होतो तो माणसे त्या ज्ञानाचे काय करतात तेथे.

या मोजमापाचा व्यावहारिक अर्थ काय, हेही पाहावे. सिलिकॉनच्या सौरपट्टीत १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा उपयोगी पडते. निळ्या प्रकाशाच्या कणात त्याच्या अडीचपट ऊर्जा असते, परंतु वरची सर्व ऊर्जा पिकोसेकंदाच्या आसपासच्या अवधीत उष्णता होऊन जाते. यामुळेच १९६१ साली शॉकली आणि क्वायसर यांनी हिशेब मांडून दाखविले की, एकाच अर्धवाहकाची साधी सौरपट्टी सूर्यप्रकाशाच्या साधारण एक-तृतीयांशाहून अधिक ऊर्जेचे विजेत रूपांतर करू शकणार नाही. बाजारातील आजची पट्टी २० ते २३ टक्क्यांच्या आसपास आहे. वाहक थंड होण्यापूर्वीच त्यांना बाहेर काढता आले तर ही मर्यादा तत्त्वतः ६६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे १९८२ साली रॉस आणि नोझिक यांनी दाखविले. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या विहिरीवर बसणाऱ्या सौरपंपाच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ उघड आहे. तेवढ्याच जागेत, तेवढ्याच उन्हात अधिक पाणी. हे स्वप्न प्रत्यक्षात उतरलेले नाही. परंतु ते का उतरत नाही हे सांगणारे एक महत्त्वाचे साधन म्हणजे हे फेम्टोसेकंदाचे घड्याळ.

एक चूक आणि तिची दुरुस्ती

अर्धवाहकाचा कण काही नॅनोमीटरांइतका लहान केला की त्याचा रंग त्याच्या आकारावर अवलंबून राहू लागतो. पदार्थ तोच, परंतु लहान कण निळा प्रकाश देतो आणि मोठा कण तांबडा. यांना क्वांटम डॉट किंवा पुंजबिंदू म्हणतात. त्यांच्या शोधाचा इतिहास समाजवाद्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे. १९८१ साली लेनिनग्राडच्या वाव्हिलोव्ह प्रकाशविज्ञान संस्थेत अलेक्सेई एकिमोव्ह यांना रंगीत काचेत हा परिणाम आढळला. १९८३ साली बेल प्रयोगशाळेत लुई ब्रूस यांना तो द्रावणातील कणांत स्वतंत्रपणे आढळला. एकिमोव्ह यांच्या कामाची त्यांना तेव्हा कल्पना नव्हती. एकसारख्या आकाराचे उत्तम कण बनविण्याची पद्धत मुंगी बवेंडी यांनी १९९३ साली अमेरिकेत सिद्ध केली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन महासत्तांमधील भिंतीमुळे एकच शोध दोनदा लावावा लागला, हा त्यातील धडा. ज्ञानाला कुंपण पेटंटचे असो वा पोलादी पडद्याचे, त्याची किंमत समाजालाच मोजावी लागते. लोकशाही समाजवादाने ही दोन्ही कुंपणे नाकारली पाहिजेत.

आता चुकीकडे वळू. २००४ साली अमेरिकेच्या लॉस अलामॉस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत शॅलर आणि क्लिमोव्ह यांनी शिसे व सेलेनियम यांच्या नॅनोकणांत एका प्रकाशकणापासून एकाहून अधिक इलेक्ट्रॉन-पोकळी जोड्या निर्माण होतात असे दाखविले. २००६ मध्ये तर एका प्रकाशकणातून सात जोड्यांपर्यंत मजल गेल्याचे त्याच गटाने जाहीर केले. सौरऊर्जेच्या क्षेत्रात मोठी खळबळ उडाली.

या निष्कर्षाचा आधार अतिशीघ्र मोजमाप हाच होता. एका कणात दोन जोड्या एकत्र असल्या तर त्यांपैकी एक जोडी काही दशक ते काही शे पिकोसेकंदांत नष्ट होते. तेव्हा संकेतात तेवढा झपाट्याचा उतार दिसला की अनेक जोड्या होत्या असे समजावे, असा तर्क होता. पुढे इतर प्रयोगशाळांना तेवढे मोठे आकडे मिळेनात. २००७ साली बवेंडी यांच्या गटाला कॅडमियम सेलेनाइडच्या कणांत असा परिणामच आढळला नाही. अखेर कारण स्पष्ट झाले. काही कणांत आधीच्या स्पंदाने निर्माण झालेला प्रभार मागे राहून जातो आणि असा प्रभारित कणदेखील हुबेहूब तसाच उतार दाखवितो. द्रावण सतत ढवळत ठेवले, म्हणजे प्रत्येक स्पंदासमोर ताजे कण आले, की आकडे खाली येतात. लॉस अलामॉसच्या गटाने स्वतःच ही तपासणी करून खऱ्या आणि भासमान आकड्यांतील फरक प्रसिद्ध केला. परिणाम खरा होता, पण तो बराच लहान होता. २०११ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने अशा कणांच्या सौरघटात एका विशिष्ट, अधिक ऊर्जेच्या प्रकाशात १०० प्रकाशकणांमागे ११४ इलेक्ट्रॉन बाहेर काढून दाखविले. एकूण कार्यक्षमतेत मात्र तो घट बाजारातील सिलिकॉन-पट्टीच्या जवळपासही नव्हता.

हा प्रसंग विज्ञानाच्या अपकीर्तीचा नव्हे, तर प्रतिष्ठेचा आहे. निष्कर्ष खुले होते, पद्धत खुली होती, अन्य देशांतील गट तोच प्रयोग करण्यास मोकळे होते, म्हणून पाच-सहा वर्षांत चूक सापडली. हाच निष्कर्ष एखाद्या कंपनीच्या व्यापारी गुपितात बंद असता आणि त्याच्या बळावर भागबाजारातून भांडवल उभारले गेले असते, तर द्रावण ढवळून पाहण्याची सूचना करणाऱ्याचे तोंड कराराने बांधले गेले असते. खुलेपणा ही विज्ञानाची शोभा नसून त्याची उत्पादनपद्धती आहे. ती मोडली की माल नासतो.

पैसा कोणाचा, मालकी कोणाची

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. पहिला लेसर ह्यूज या खासगी कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. फेम्टोसेकंदाचा स्पंद आणि द्रावणातील पुंजबिंदू बेल प्रयोगशाळेत मिळाले, आणि तीही खासगी कंपनीचीच होती. मग सार्वजनिक पैशाचा एवढा गौरव कशासाठी?

बेल प्रयोगशाळेचे अर्थकारण पाहिले की उत्तर मिळते. तिची मालक कंपनी अमेरिकेच्या टेलिफोन-व्यवसायातील नियंत्रित मक्तेदार होती. तिचे दर शासकीय नियमनाखाली ठरत आणि संशोधनाचा खर्च त्या दरांतूनच वसूल होई. म्हणजे टेलिफोन उचलणारा प्रत्येक अमेरिकन नागरिक या संशोधनासाठी एक प्रकारचा कर भरत होता. त्याच्या मोबदल्यात १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने त्या कंपनीला आपली तोवरची पेटंटे बहुतेक उत्पादकांना विनामूल्य खुली करावी लागली. १९८४ साली मक्तेदारी मोडली, स्पर्धा आली. आणि २००८ साली त्याच प्रयोगशाळेच्या तत्कालीन मालकांनी मूलभूत भौतिकीच्या संशोधनातून अंग काढून घेतले. ज्या दिवशी नियंत्रित मक्तेदारीचे संरक्षण गेले त्या दिवसापासून तिमाही नफ्याच्या घड्याळाला फेम्टोसेकंदाचे घड्याळ परवडेनासे झाले. खासगी भांडवल मूलभूत संशोधन करू शकते, हे खरे. पण ते जेव्हा बाजाराच्या शिस्तीबाहेर असते तेव्हाच.

उलटपक्षी सार्वजनिक पैसा म्हणजे आपोआप लोकहित, असेही समजण्याचे कारण नाही. लॉस अलामॉस ही अणुबाँब घडविणारी प्रयोगशाळा आहे. लेसरविज्ञानाला अमेरिकी संरक्षणखात्याने सढळ हाताने पैसा पुरविला तो मानवजातीच्या कल्याणासाठी नव्हे. पैसा जनतेचा असणे आणि नियंत्रण जनतेचे असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर तुटणे हे राजकारणाचे काम आहे.

त्यानंतरचा टप्पा फळांच्या वाटणीचा. १९८० साली अमेरिकेत बे-डोल कायदा झाला आणि शासकीय पैशातून झालेल्या शोधांवर विद्यापीठांना पेटंट घेऊन ती कंपन्यांना, प्रसंगी एकाच कंपनीला, देण्याचा मार्ग मोकळा झाला. मँचेस्टर विद्यापीठातून निघालेल्या नॅनोको या कंपनीने पुंजबिंदूंच्या पेटंटांवरून सॅमसंगविरुद्ध लावलेला दावा २०२३ साली १५ कोटी डॉलरांवर मिटला. दोन्ही पक्षांनी कायद्याच्या चौकटीतच व्यवहार केला असेल. परंतु ज्या विद्यापीठीय, शासकीय आणि सोव्हिएत प्रयोगशाळांच्या चार दशकांच्या श्रमावर हे तंत्रज्ञान उभे आहे, त्यांना पोसणारा करदाता या तडजोडीत कोठेच नाही.

भारताची स्थिती

या विषयाशी भारताचा संबंध उपरा नाही. १९२८ साली कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाचा जो परिणाम शोधला, त्याच्याच साहाय्याने आज जगातील प्रत्येक प्रयोगशाळा ग्रॅफिनचे थर किती आहेत ते ओळखते. ज्या संस्थेत रामन काम करीत, ती महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकवर्गणीतून उभारलेली होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अजय सूद यांच्या गटाने ग्रॅफिनच्या मोजमापात जागतिक दर्जाचे काम केले. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र येथे अतिशीघ्र लेसरांवर काम चालते. गुणवत्तेची वाण नाही.

वाण आहे ती धीराची आणि पैशाची. २००३ च्या विज्ञान-तंत्रज्ञान धोरणाने संशोधनावरील खर्च दहाव्या योजनेअखेर राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांपर्यंत नेण्याचे वचन दिले. २०२०-२१ सालचा अधिकृत आकडा ०.६४ टक्के एवढा आहे. चीनमध्ये हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरियात पाच टक्क्यांच्या आसपास. फेम्टोसेकंद-लेसर आपल्याकडे बहुतांशी परदेशातून आणावा लागतो. आणि सार्वजनिक संशोधन-संस्थांना उपकरणांवर मिळणारी पाच टक्के दराची करसवलत जुलै २०२२ मध्ये काढून घेण्यात आली. एका हाताने दिलेले अनुदान दुसऱ्या हाताने कररूपाने परत घेण्याचा हा प्रकार होय.

२०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये खर्चण्याचा संकल्प सोडण्यात आला, परंतु त्यांतील सुमारे ३६ हजार कोटी शासनाबाहेरील स्रोतांतून येतील अशी अपेक्षा ठेवण्यात आली. जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटी रुपयांची दुसरी योजना मंजूर झाली. तिच्यातून खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीची, अल्प अथवा शून्य व्याजाची कर्जे मिळावयाची आहेत, तीही तंत्रज्ञान प्राथमिक अवस्था ओलांडून पुढे आल्यानंतरच्या कामासाठी. उद्योगांनी संशोधन करावे याला कोणाचाच विरोध असू नये. पण पीक उभे राहण्याआधी जमीन नांगरावी लागते. नांगरणीसाठी इतरांच्या दानावर विसंबायचे आणि मळणीसाठी सरकारी तिजोरी उघडायची, ही शेती टिकणारी नव्हे.

वाचनाच्या खर्चाचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. सार्वजनिक पैशाने संशोधन होते, संशोधक ते निबंधरूपाने विनामोबदला प्रकाशकांना देतात, त्याचे परीक्षणही दुसरे संशोधक विनामोबदला करतात. आणि तेच निबंध वाचण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत सरकारने ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या वर्गणीपोटी तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. लहान गावांतील महाविद्यालयांना त्यामुळे नियतकालिके वाचता येतील, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्याने धान्य पिकविले त्यालाच ते दुप्पट भावाने विकत घ्यावे लागणे, या व्यवहाराला शेतकरी चळवळीत जे नाव आहे तेच येथेही लागू पडते.

या साऱ्याच्या तळाशी आहे तो संशोधक विद्यार्थी. रात्र रात्र अंधाऱ्या खोलीत आरसे जुळवीत बसणारा हा तरुण किंवा तरुणी कामगार म्हणून गणली जात नाही आणि विद्यार्थी म्हणून तिला पुरेसे संरक्षण नाही. कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती २०२३ पासून मासिक ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये झाली, ती देशभरच्या संशोधकांनी रस्त्यावर उतरून मागणी केल्यावर. मंजूर रकमाही महिनोन्‌महिने हाती न पडण्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. घरची सांपत्तिक स्थिती बेताची असलेल्या, पहिल्याच पिढीत विद्यापीठाची पायरी चढलेल्या मुलामुलींना तेवढी वाट पाहणे परवडत नाही. विज्ञान कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच पेटंटाच्या कागदाआधी शिष्यवृत्तीच्या तारखेत शोधावे लागते.

काय मागावे

तेव्हा कार्यकर्त्यांनी कोणत्या मागण्या पुढे न्याव्यात? पहिली, संशोधनावरील सार्वजनिक खर्चात कालबद्ध वाढ, आणि तिचा ठरावीक हिस्सा राज्यांच्या विद्यापीठांना. केवळ मूठभर केंद्रीय संस्था सजवून विज्ञानाचा पाया रुंदावत नाही. दुसरी, सार्वजनिक पैशातून झालेल्या शोधांचे परवाने एका कंपनीला मक्त्याने न देता खुलेपणाने, आणि शेती, ऊर्जा व आरोग्य या क्षेत्रांत लोकहिताच्या अटींवर द्यावेत. बे-डोलच्या धर्तीवर २००८ साली संसदेत मांडलेले विधेयक कायदा होऊ शकले नाही. त्याचे पुनरागमन दुसऱ्या वेषात होणार नाही यावर लक्ष ठेवावे. तिसरी, शिष्यवृत्ती दरमहा ठरल्या तारखेला. चौथी, महागडी उपकरणे विभागवार सामाईक केंद्रांत, जेथे कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्यालाही हक्काने वेळ मिळेल. पाचवी, या नॅनोकणांत कॅडमियम व शिसे यांसारखे विषारी धातू असतात. ते कारखान्यात हाताळणाऱ्या कामगारांच्या आणि टाकाऊ उपकरणे फोडून पोट भरणाऱ्या असंघटितांच्या आरोग्याचे नियम उत्पादनाआधी ठरावेत, मागाहून नव्हे.

या मागण्यांपैकी एकही क्रांतिकारक नाही, अशी टीका होईल. ती मान्य करावी. परंतु त्या मागण्यांमागे जो विचार आहे तो मात्र मुळावर घाव घालणारा आहे. बाजाराचे घड्याळ तिमाहीचे आहे, निवडणुकीचे पाच वर्षांचे. मायब्रिजच्या घोड्यापासून ग्रॅफिनच्या इलेक्ट्रॉनपर्यंत येण्यास लागलेला काळ त्यांपैकी कोणत्याच घड्याळात मावत नाही. क्षणाचा अब्जांश मोजण्याची शक्ती माणसाला मिळाली ती दशकानुदशके वाट पाहण्यास तयार असलेल्या समाजाच्या आधारावर. तो आधार देणारा समाज म्हणजे करदाता कामगार, शेतकरी आणि मध्यमवर्ग. टेलरच्या घड्याळापुढे कामगार उभा राहिला तेव्हा त्याला वाचलेल्या वेळेत वाटा मागण्याची हिंमत संघटनेने दिली. फेम्टोसेकंदाच्या या घड्याळाचा खर्चही त्याच्याच घामातून निघतो. त्याच्या फळांतील वाटा मागण्याची वेळ आता आली आहे, आणि ती मागणी करण्यापूर्वी विषय समजून घेण्याचे कष्ट संघटनेनेच घेतले पाहिजेत.